साथरोगशास्त्राचे पुढचे शिक्षण : वाशिमहून निघण्याआधी

दर वर्षी जूनमध्ये निकाल हातात पडले की वाशिम जिल्ह्यातून विचारणा सुरू होते. कारंज्याची बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी, रिसोडला दवाखाना चालवणारे बीएएमएस डॉक्टर, संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झालेला मंगरूळपीरचा तरुण, प्राथमिक आरोग्य केंद्रात चार वर्षे काढलेल्या वैद्यकीय अधिकारी मॅडम. प्रश्न साधारण एकच असतो : "एपिडेमिऑलॉजीचे पुढचे शिक्षण घ्यायचे आहे, कुठे घेऊ?" आणि त्या प्रश्नाच्या पोटात तीन समज दडलेले असतात. साथरोगशास्त्र म्हणजे साथींचे शास्त्र, ते एमबीबीएस झालेल्यांनाच शिकता येते आणि प्रगत पद्धती म्हणजे एखादे सॉफ्टवेअर.

तिन्ही समज आधी बाजूला ठेवा. कोणाला काय होते, कुठे, केव्हा आणि कशामुळे, हे माणसांच्या समूहात मोजून शोधायचे, हे या शास्त्राचे काम आहे. त्यात डेंग्यू येतो, तसाच मधुमेह येतो, फवारणीतली विषबाधा येते, सर्पदंश येतो, कमी वजनाचे बाळ आणि शेतकऱ्याची आत्महत्याही येते. पदवीचे आणि सॉफ्टवेअरचे पुढे बघू.

प्रगत पद्धती नेमक्या कशाला लागतात?

उपकेंद्रातले गरोदर मातांचे रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. कोपरे दुमडलेले, हिमोग्लोबिनच्या रकान्यात निळ्या शाईचे आकडे, आणि ११ च्या खालच्या आकड्यांभोवती लाल गोल. समजा, रक्तक्षय असलेल्या २०० मातांची नोंद तुमच्या हाती आली. शंभर जणींनी रोज लोहाच्या दोन गोळ्या घेतल्या, शंभर जणींनी एकच. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) प्रसूतीच्या वेळी पाहिले तर दोन गोळ्यांच्या गटात ४२ जणींना रक्तक्षय कायम होता, एका गोळीच्या गटात २६ जणींना. म्हणजे जास्त गोळ्यांनी नुकसान झाले?

आता रजिस्टरचे पहिले पान उलटा. ज्यांचे हिमोग्लोबिन सुरुवातीलाच ९ च्या खाली होते अशा शंभर जणी होत्या. आरोग्यसेविका त्यांच्या मागे लागली, म्हणून त्यांतल्या ८० जणींनी दोन गोळ्या घेतल्या. उरलेल्या शंभर जणी ९ ते ११ मधल्या, त्यांतल्या फक्त २० जणींनी दोन घेतल्या. गट वेगळे करून पाहा :

- सुरुवातीला ९ च्या खाली : दोन गोळ्यांच्या ८० पैकी ४० जणींना रक्तक्षय कायम, म्हणजे ५० टक्के. एका गोळीच्या २० पैकी १४ जणींना, म्हणजे ७० टक्के.
- सुरुवातीला ९ ते ११ : दोन गोळ्यांच्या २० पैकी २ जणींना, म्हणजे १० टक्के. एका गोळीच्या ८० पैकी १२ जणींना, म्हणजे १५ टक्के.

दोन्ही गटांत दोन गोळ्याच सरस ठरल्या. एकत्र बेरजेने मात्र उलटे सांगितले, कारण ज्यांची तब्येत आधीच खालावलेली होती त्यांनाच जास्त गोळ्या मिळाल्या. याला कन्फाउंडिंग म्हणतात. दोन्ही गटांना सारखे वजन देऊन हिशेब केला तर दोन गोळ्यांवर ३० टक्के आणि एका गोळीवर ४२.५ टक्के असे चित्र येते. इथपर्यंत मूलभूत अभ्यासक्रमात शिकवतात.

खरी अडचण पुढे आहे. हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा तपासले जाते आणि त्या आकड्यावर पुढच्या गोळ्या ठरतात. मागच्या गोळ्यांनी आजचे हिमोग्लोबिन घडवले, आजचे हिमोग्लोबिन पुढच्या गोळ्या ठरवणार. हिमोग्लोबिन इथे कारणही आहे आणि परिणामही, त्यामुळे नेहमीचे रिग्रेशन ते धरले तरी चुकते आणि सोडले तरी चुकते. ही गाठ सोडवण्याची रीत संशोधक जेम्स रॉबिन्स यांनी १९८६ पासून मांडत आणली. जी-पद्धती, मार्जिनल स्ट्रक्चरल मॉडेल ही नावे तिथून आली. कारणांच्या आकृत्या, प्रोपेन्सिटी स्कोअर, सर्व्हायव्हल विश्लेषण, बहुस्तरीय मॉडेल, 'डिफरन्स इन डिफरन्सेस' हे सारेही प्रगत पद्धतींतच मोडते.

आता तुमचा निर्णय. तुम्हाला कार्यक्रम चालवायचे असतील, लसीकरण, सर्वेक्षण, साथ आली तर धावपळ, तर मूलभूत साथरोगशास्त्र पक्के असलेला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम पुरतो. "अमक्यामुळे तमके झाले" असे छातीठोकपणे म्हणण्याची जबाबदारी घ्यायची असेल, संशोधनात किंवा धोरणात, तर प्रगत पद्धती शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण वाटा वेगळ्या आहेत आणि संस्थाही वेगळ्या निवडाव्या लागतात.

तुमच्या पदवीला कोणती वाट?

*सरकारी सेवेतले एमबीबीएस डॉक्टर :* चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था (आयसीएमआर-एनआयई) पाहा, तिने २००१ मध्ये 'मास्टर ऑफ अप्लाइड एपिडेमिऑलॉजी' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. चेन्नईत टप्प्याटप्प्याने वर्ग भरतात आणि उरलेला बराच काळ तुम्ही आपल्याच भागात प्रत्यक्ष तपास करता. माझ्या मते सेवेतल्या डॉक्टरांसाठी याहून चांगली सोय नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची 'इंडिया ईआयएस' ही दोन वर्षांची योजना २०१२ पासून आहे. दोन वर्षे काढणे शक्य नसेल तर याच धर्तीचे तीन महिन्यांचे प्राथमिक प्रशिक्षणही असते, त्याची विचारणा जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे करा. एम.डी. कम्युनिटी मेडिसिनचा रस्ता नीट-पीजीतून जातो, तो तुम्हाला ठाऊक आहेच.

*बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, पशुवैद्यक :* तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) सुरू केले. देशातल्या सगळ्यांत जुन्या अभ्यासक्रमांपैकी ते एक, आणि पद्धतींच्या बाबतीत कडक. एनआयईचे एम.पी.एच., चंदीगडच्या पीजीआयचे एम.पी.एच. आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आरोग्यशास्त्र विभागातले एम.पी.एच. हेही पाहा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स या वेगवेगळ्या एम.एस्सी. आहेत. कोणती पदवी कुठे चालते हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

*समाजशास्त्र, समाजकार्य, कला शाखा :* मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) सामाजिक साथरोगशास्त्र हा एम.पी.एच.चा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. जात, जमीन, स्थलांतर यांचा आजारांशी संबंध मोजायचा असेल तर तिथे जा.

*गणित, संख्याशास्त्र :* तुमची बाजू भक्कम आहे, एवढे आधी लक्षात घ्या. रोगांची माहिती दोन वर्षांत मिळवता येते, गणिताची भीती मात्र तिशीत सहसा जात नाही. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (आयआयपीएस) जरूर पाहा. १९५६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते, त्यामुळे खऱ्या माहितीवर हात बसतो.

*नोकरी न सोडता :* लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची एपिडेमिऑलॉजीतली एम.एस्सी. दूरस्थ पद्धतीने करता येते. दर्जा उत्तम, खर्च मोठा. पण परदेशी दूरस्थ पदवी भारतातल्या सरकारी नोकरीसाठी समकक्ष धरली जाईल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. देशातल्या दूरस्थ किंवा ऑनलाइन एम.पी.एच.ची जाहिरात दिसली तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या चालू यादीत तो अभ्यासक्रम, त्याच नावाने आणि त्याच वर्षासाठी, आहे का ते तपासा. नुसते विद्यापीठाचे नाव असून भागत नाही.

वेळेचा घोळ

"निकाल लागू दे, मग बघू" या एका वाक्यात आपल्याकडच्या कितीतरी मुलांचे वर्ष गेले आहे. टिस आणि अनेक केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतात. त्याचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते, म्हणजे तुमच्या शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधी. सोयाबीनची सोंगणी झाली की अर्जांच्या तारखा पाहायला लागा. श्री चित्रा, एनआयई, वेल्लोर यांच्या प्रवेशपरीक्षा आणि तारखा ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात. एका वहीत पाच संस्था, पाच तारखा लिहून भिंतीवर लावा.

माहितीपत्रकात न दिसणारे

चकचकीत माहितीपत्रकात 'ॲडव्हान्स्ड एपिडेमिऑलॉजी' असे छापलेले असते. वर्गात मात्र वर्षानुवर्षे तीच व्याख्या आणि रोगकारक-माणूस-परिसर हा तोच त्रिकोण शिकवला जातो. शिकत असताना मलाही असा एक विषय मिळाला होता. पूर्ण सत्रात आम्ही एकदाही खऱ्या माहितीला हात लावला नाही आणि परीक्षेत टिपा लिहून पास झालो. त्याची किंमत पुढे पहिल्याच प्रकल्पात मोजावी लागली. म्हणून प्रवेशाआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि हे विचारा :

- विश्लेषणाचे किती तास संगणकावर होतात, आणि माहितीचा संच खरा असतो की पुस्तकातला?
- आर, स्टाटा, सॅस यांपैकी काय वापरता? (एक्सेलवरच सगळे चालत असेल तर सावध व्हा.)
- पूर्णवेळ बायोस्टॅटिस्टिशियन किती आहेत?
- प्रबंधाचा विषय तुम्ही निवडता की वाटून दिला जातो? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी?
- मागच्या दोन वर्षांतले प्रबंध ग्रंथालयात बघायला मिळतात का?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तीन प्रबंध चाळा. सगळ्यांत 'अमुक गावातील महिलांचे ज्ञान, दृष्टिकोन व आचरण' असाच साचा असेल तर तिथे प्रगत पद्धती शिकवल्या जात नाहीत, कागदावर काहीही असो.

सगळे फोनवर कळत नाही. कारंज्याहून समृद्धी महामार्गाने वर्ध्याला एका दिवसात जाऊन येता येते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा कम्युनिटी मेडिसिन विभाग आधी ईमेल करून बघून या. १९६९ पासून ही संस्था विद्यार्थ्यांना गावात नेऊन शिकवते. आणि आता वाशिमलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तिथल्या कम्युनिटी मेडिसिनच्या शिक्षकांना भेटायला संकोच करू नका.

घरी बसून चार महिने

प्रवेश होईपर्यंतचा काळ वाया घालवू नका.

१. बारावीच्या गणितातले लॉगरिदम आणि संभाव्यता पुन्हा घोटा. लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणजे लॉगरिदमचाच खेळ आहे. कला शाखेतून आलेल्यांनी इथे दुप्पट वेळ द्यावा.

२. एनआयईने तयार केलेला 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची तरच शुल्क.

३. 'आर' मोफत आहे. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते, लोडशेडिंगमध्ये लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत सराव करता येतो. वरचे गोळ्यांचे उदाहरण त्यात स्वतः सोडवा. ३० आणि ४२.५ हे आकडे आले की पहिली पायरी चढलात.

४. मिगेल एर्नान आणि जेम्स रॉबिन्स यांचे 'कॉझल इन्फरन्स : व्हॉट इफ' हे पुस्तक लेखकांनीच इंटरनेटवर मोफत ठेवले आहे. पहिला भाग त्यातल्या त्यात सोपा आहे. सावकाश वाचा, आठवड्याला एक प्रकरण.

इंग्रजीची धास्ती घेतलेल्यांना एकच सांगणे : या विषयाचे इंग्रजी वाक्य छोटे आणि शब्द ठरावीक असतात. रोज दोन पाने वाचून मराठीत त्याचा सारांश लिहा. जे मराठीत मांडता येत नाही ते अजून समजलेले नाही, हे लगेच कळते.

प्रबंध वाशिमवर करायचा असेल तर

जरूर करा. मात्र इथली माहिती हाताळताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले, *छेद*. किती मुले दगावली हे विचारण्याआधी किती जन्मली हे नीट मोजावे लागते. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केले ते गावोगावचे जन्म-मृत्यू स्वतः मोजून. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी दिली आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्या निष्कर्षावर सरकारने पुढे देशभर आशा स्वयंसेविकांना घरी जाऊन बाळ तपासायला लावले. मोजणी पक्की होती म्हणून ते म्हणणे टिकले.

दुसरे, *गावात नसलेली माणसे*. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर दिवाळीनंतर गेलात तर कितीतरी दारांना कुलूप दिसेल. ऊसतोडीला, मुंबई-पुण्याच्या बांधकामावर कुटुंबे निघून जातात. नोव्हेंबर ते मार्च पाहणी केली तर तुमच्या नमुन्यात म्हातारी माणसे आणि बरी परिस्थिती असलेली घरे उरतात. गेलेल्यांची मुले जास्त आजारी पडत असतील तर निष्कर्ष आपोआप गोडगोड येतो. 'घर बंद' अशी नोंद करून पुढे जाऊ नका. कोण गेले, कधी गेले, जाताना मूल किती महिन्यांचे होते, हे शेजाऱ्यांकडून टिपा. पुढे वजन देऊन दुरुस्ती करण्याच्या पद्धती आहेत, पण त्या चालतात या टिपणांवरच. शक्य असेल तर अक्षय्य तृतीयेनंतर, माणसे परतल्यावर, दुसरी फेरी ठेवा.

तिसरे, *आकांक्षित जिल्हा*. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम हे चार होते. "योजनेनंतर वाशिमचे निर्देशांक सुधारले" हा प्रबंधाचा आकर्षक विषय दिसतो. पण मागे पडलेले म्हणून निवडलेले जिल्हे पुढच्या मोजणीत काही अंशी आपसूकच वर येतात, आणि त्याच काळात साऱ्या राज्यातही बदल होत असतो. हिंगोली, बुलढाणा यांसारख्या शेजारच्या जिल्ह्यांतला बदल वजा केल्याशिवाय श्रेय देता येत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीची जिल्हावार पत्रके मोफत मिळतात, सुरुवात त्यांवरून करा.

परवानग्यांचा क्रम असा ठेवा : आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे पत्र (रुग्णालयातली माहिती हवी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचे), मग गावात पाऊल. आशाताईंची ओळख आहे म्हणून रजिस्टरचे फोटो मोबाइलवर मागवू नका. त्यात बायकांची नावे, आजार, गर्भपाताच्या नोंदी असतात. माहिती देणाऱ्या बाईला संमतीपत्र मराठीत, आणि तांड्यावर गरज पडली तर गोरमाटीत, वाचून दाखवा. मध्येच नाही म्हणण्याचा तिला हक्क आहे, हेही सांगा.

तुमचे हक्क

- *मूळ कागदपत्रे :* यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रमाणपत्रे पाहून, पडताळून परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नसतात.
- *शुल्क परतावा :* त्याच अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क (प्रक्रिया खर्च वगळून), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के परत मिळतात. यूजीसीच्या कक्षेतल्या संस्थांना हे लागू आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.
- *सरकारी संस्थेची माहिती :* शिक्षकांची भरलेली पदे, प्रतीक्षायादी, निवडीचे निकष हे माहितीच्या अधिकारात मागता येतात. केंद्रीय संस्थेसाठी शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.
- *लेखकत्व :* तुमच्या प्रबंधावर शोधनिबंध निघणार असेल तर नावांचा क्रम काम सुरू होतानाच ईमेलवर ठरवून घ्या. मागाहून बोलणे जड जाते.

पैसा आणि नोकरी

राज्याबाहेर मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेणार असाल तर शिष्यवृत्तीबद्दल वाशिमच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात प्रवेशाआधी जाऊन या. परदेशासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीसाठी बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

नोकरीबाबत स्पष्ट बोलतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले जिल्ह्याचे साथरोगतज्ज्ञ पद कंत्राटी असते. आयसीएमआरचे प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, पुण्या-मुंबईतल्या औषध चाचण्यांच्या कंपन्या इथे कामे आहेत, आणि तिथे तुमच्या पदवीच्या नावापेक्षा तुम्ही गुंतागुंतीची माहिती स्वतः सोडवू शकता का, हे पाहिले जाते. एम.पी.एच. केल्याने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही, हा गैरसमज घरच्यांच्या मनातूनही आधीच काढून टाका.

शेवटी, एक दाखला

दरवर्षी याच एका कागदावर अडलेली मुले भेटतात, म्हणून वेगळे सांगतो. राज्याचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांत चालत नाही, त्यांना केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला इतर मागासवर्गाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडणारे आपले बंजारा विद्यार्थी केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात धरले जातात, त्यांनी 'व्हीजे' असे लिहिलेला दाखला जोडून अर्ज भरला की तो खुल्या गटात जातो. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही त्या त्या आर्थिक वर्षाचाच लागतो. सेतू केंद्रात अर्ज देताना "केंद्र सरकारच्या नमुन्यात" हे शब्द स्वतः सांगा, पावती जपा, आणि हे काम दिवाळीच्या आधी उरकून घ्या.